दांड्याचा मध्य

घरी बसून लढतीचे व्हिडिओ गेम खेळू इच्छिणारा मनुष्य जेव्हा माझ्याकडे आर्केड स्टिकविषयी सल्ला मागावयास येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की, बाजारात मिळणाऱ्यांपैकी सर्वांत उत्तम स्टिक कोणती. आणि एवढ्या सरळ प्रश्नाला मी सरळ उत्तर देत नाही, याचे त्याला प्रथमतः वैषम्य वाटते. परंतु तो कोणता गेम खेळतो, खेळताना जमिनीवर मांडी घालून बसतो की खुर्चीत, पेटी मांडीवर घेतो की मेजावर ठेवतो, दांड्यावरचा गोळा वरून मुठीत धरतो की दांडा खालून बोटांच्या बेचक्यात घेतो, आणि घरातील माणसे निजल्यावर खेळतो काय, एवढा तपशील हाती आल्यावाचून कोणत्याही स्टिकची शिफारस करणे मला योग्य वाटत नाही.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पार्लरमधील यंत्राचा जो पुढचा फलक, ज्यावर डाव्या हाताला दांडा आणि उजव्या हाताला बटणांच्या दोन ओळी असतात, तेवढाच भाग सुटा करून एका पेटीवर बसवला आणि त्याची तार घरच्या यंत्राला किंवा संगणकाला जोडली, की आर्केड स्टिक तयार होते. १९९१ सालच्या ‘स्ट्रीट फायटर २’ने तीन ठोशांची आणि तीन लाथांची अशी सहा बटणे सर्वत्र रूढ केली; घरगुती पेट्यांवर हल्ली बहुधा आठ असतात.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मी मुंबईतील व्हिडिओ गेम पार्लरांच्या यंत्रांची देखभाल आणि दुरुस्ती करीत असे, आणि दांड्यांविषयी मला जे काही कळते त्याचा पाया त्याच काळात घातला गेला. त्या दिवसांत आमच्या भागात दोन गेमांचा अंमल होता: एक कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, ज्याला सारी मुले त्यातील एका पात्रावरून ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखत, आणि दुसरा एसएनकेचा ‘किंग ऑफ फायटर्स ९७’. यंत्राचे खोके उघडून दांड्याखालची स्विचे तपासली, की वरच्या पडद्याकडे न पाहताही त्या यंत्रात कोणता गेम चालतो हे मला सांगता येई. कारण मुस्तफाचा सारा प्रवास उजवीकडे असल्यामुळे तेथे उजव्या दिशेचे स्विच आधी थकलेले असे, तर ‘९७’मध्ये खालून पुढे अशी पाव-वर्तुळाकृती गती पुनःपुन्हा करावी लागत असल्यामुळे खालच्या दिशेचे स्विच सर्वांआधी निकामी होई. पार्लरच्या मालकाची दांड्याकडून अपेक्षा एकच असे, ती म्हणजे त्याने मोडू नये; आणि उभ्याने, सारा देहभार त्यावर टाकून खेळणाऱ्या मुलांच्या हाताखाली त्याने टिकावे म्हणून आम्ही त्यात जी कडक स्प्रिंग घालीत असू, तिचा खेळाच्या गुणाशी काही संबंध नसे. घरी खेळणाऱ्याची गरज अगदी निराळी आहे. त्याचा दांडा वर्षानुवर्षे एकाच हाताखाली राहणार असतो, आणि म्हणून त्या एका हाताच्या मापाने तो घडवता येतो. घरच्या स्टिकचे खरे सुख मला यातच दिसते.

पार्लरचा दांडा घरात आणण्याची कल्पना तशी नवी नव्हे. एसएनकेने १९९० साली निओ जिओ हे यंत्र घरगुती रूपात आणले, तेव्हा त्याच्यासोबत पार्लरच्याच धाटणीची दांड्याची पेटी दिली होती. परंतु सामान्य खेळणाऱ्याला दांड्याच्या अंतरंगाची नावे ठाऊक झाली ती २००९ च्या सुमारास, जेव्हा ‘स्ट्रीट फायटर ४’ घरगुती यंत्रांवर आला आणि त्याच वेळी मॅड कॅट्झ कंपनीने टूर्नामेंट एडिशन नावाची पेटी बाजारात आणली. या पेटीत जपानच्या सान्वा डेन्शी कंपनीचा, पार्लरांत वापरला जाणारा, अस्सल दांडा आणि तिचीच बटणे बसवलेली होती. आणि पेटीचा तळ उघडून हे भाग काढता-घालता येतात हे कळताच, तोपर्यंत आम्हा दुरुस्तीवाल्यांपुरतीच असलेली विद्या घरोघर गेली.

हा जो सान्वाचा जेएलएफ नावाचा दांडा, त्याची रचना एकदा नीट समजून घेतली की पुढच्या पुष्कळशा शंका आपोआप मावळतात. पस्तीस मिलिमीटर व्यासाचा गोळा, त्याखाली पोलादी दांडी, ती ज्यात डुलते ती उखळी, तिला सरळ उभी ठेवणारी स्प्रिंग, दांडीच्या खालच्या टोकाला ॲक्च्युएटर नावाची प्लॅस्टिकची टोपी, त्या टोपीच्या चार बाजूंना चार मायक्रोस्विच, आणि सर्वांत खाली दांड्याची हालचाल मर्यादित करणारी चौकोनी चौकट, जिला गेट म्हणतात. चारच स्विचांतून आठ दिशा निघतात, कारण तिरकी दिशा म्हणजे शेजारची दोन स्विचे एकाच वेळी दाबली जाणे, याहून दुसरे काही नाही. गोळा फिरवून काढायचा तर दांडीच्या बुडाशी असलेल्या खाचेत पेचकस धरावा लागतो. स्प्रिंग बदलायची तर तळाची लहानशी कडी, जिला आम्ही ई-क्लिप म्हणतो, ती काढावी लागते, आणि ती काढताना वर तळहात आडवा धरावा, नाही तर ती उडून कोठे जाईल याचा पत्ता लागत नाही.

नवशिक्याची पहिली तक्रार या चौकोनी गेटविषयीच असते. दांडा गोल फिरवू गेले असता तो कोपऱ्यांत अडतो, म्हणून हे गेट काढून अष्टकोनी बसवून द्यावे, अशी विनंती मला वारंवार केली जाते. आणि अष्टकोनी गेटच्या आठ खाचांत दांडा बसल्याचे बोटांना जाणवते हे खरेच असल्यामुळे ती विनंती ऐकणाऱ्याला सयुक्तिकही वाटते. तथापि गेटची भिंत ही दिशा ठरवीत नाही. दिशा ठरते ती टोपी स्विचाला टेकते त्या क्षणी, आणि तो क्षण भिंतीच्या पुष्कळ आधी येऊन गेलेला असतो. भिंतीपर्यंतचा उरलेला प्रवास दांड्याने केला काय किंवा न केला काय, गेमला त्याची खबर नसते. मात्र जेवढे अंतर जास्त गेलो तेवढेच परत यावे लागते, आणि ही परतीची वाट खेळणाऱ्याच्या वेळेतून वजा होते. हे गेम सेकंदाला साठ चित्रे दाखवतात, म्हणजे एका चित्राचा अवधी सुमारे १६.६७ मिलिसेकंदांचा, अशा दोन-तीन चित्रांच्या फरकाने वार बसतो किंवा हुकतो, आणि भिंतीवर आपटून परतणारा दांडा तेवढा अवकाश सहज खाऊन टाकतो. शिवाय अष्टकोनी गेटने चारही कोपरे छाटले जातात, त्यामुळे दोन स्विचे एकदम दाबली जाण्याचा जो प्रदेश, तोच आक्रसतो. आणि लढतीच्या गेमांत तर तिरक्या दिशांवाचून पाऊल पुढे पडत नाही. (तेच चौकोनी गेट पंचेचाळीस अंशांनी वळवून बसवले की केवळ चार दिशांच्या जुन्या गेमांना सोयीचे होते, हा त्याचा आणखी एक गुण, पण तो आपल्या विषयाबाहेरचा.)

एका बँकेत नोकरीला असलेले एक गृहस्थ असेच अष्टकोनी गेट मागत आले होते. दादरच्या पार्लरांत ‘९७’ खेळत त्यांचे बालपण गेले होते, आणि आता मुलगा मोठा झाल्यावर त्याच्यासोबत पुन्हा खेळावे म्हणून त्यांनी एक बऱ्यापैकी स्टिक खरेदी केली होती. पण पुढे, खाली आणि मग खाली-पुढे ही जी तीन टप्प्यांची चाल, ती काही केल्या त्यांच्या हातून उतरत नव्हती. “गेट बदला, म्हणजे हाताला खाच लागेल,” असे त्यांचे म्हणणे. मी गेटला हात लावला नाही. दांड्याच्या पाच तारांच्या जोडणीत काळी तार बहुधा सामाईक म्हणजे ग्राउंडची असते आणि उरलेल्या चार एकेका दिशेच्या. मल्टिमीटरची एक सुई मी ग्राउंडवर आणि दुसरी खालच्या दिशेच्या तारेवर धरली, मीटर आवाजाच्या खुणेवर लावला, आणि त्यांना डोळे मिटून दांडा अगदी सावकाश खाली आणावयास सांगितले. मीटर वाजला तेव्हा दांडा भिंतीपासून बराच अलीकडे होता. मग मी त्यांना तेथूनच परत फिरावयास सांगितले, आणि मीटर केव्हा गप्प होतो तिकडे लक्ष द्यावयास सांगितले. बराच वेळ ते हेच करीत बसले. चारही दिशांचे आवाज त्यांनी कानात साठवले.

त्या दिवशी जी गोष्ट आम्हा दोघांच्या ध्यानी एकदमच स्पष्ट झाली, ती मी त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो आहे. खेळणाऱ्याचे लक्ष नेहमी कडांकडे असते, म्हणजे दांडा कोठे पोचतो याकडे. पण दांड्याचा खरा गुण कळतो तो मध्यावर, म्हणजे तो किती लवकर आणि किती निश्चितपणे स्वस्थानी परत येतो यावर. दोनदा पुढे दाबून धाव घ्यावयाची, तर दोहोंच्या मधे दांडा मध्यावर येऊन गेल्याचे गेमला कळलेच पाहिजे. ते न कळले तर पहिले पाऊल निघते आणि दुसरे निघतच नाही. त्या गृहस्थांच्या दांड्यात मी मूळच्या स्प्रिंगऐवजी थोडी कडक स्प्रिंग घातली, एवढाच फेरफार केला. सेइमित्सू कंपनीच्या एलएस-५६ या दांड्याची स्प्रिंग जेएलएफमध्ये उत्तम बसते, आणि माझ्या मते मध्यम हाताच्या माणसाला ती पुरेशी होते. याहून कडक, दोन पौंडी आणि चार पौंडी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्प्रिंगाही मिळतात. त्यांतील चार पौंडीने मनगट लवकर शिणते, म्हणून ती मी आग्रहाशिवाय घालीत नाही. काही लोक टोपीच मोठ्या व्यासाची घालतात, जेणेकरून ती स्विचाला लवकर टेकावी. यात लाभ आहे, पण मऊ स्प्रिंगबरोबर ती घातली तर दांडा सोडून दिल्यावर मध्य ओलांडून पलीकडच्या स्विचाला स्पर्श करू शकतो, आणि मग न मागितलेली दिशा निघते. म्हणून आधी स्प्रिंग, मग टोपी, गेट सर्वांत शेवटी, आणि एका वेळी एकच बदल, हा माझा शिरस्ता आहे. दोन बदल एकदम केले की कोणत्याने काय घडले याचा निवाडा हाताला करता येत नाही.

‘टेकन’ खेळणाऱ्यांच्या बाबतीत तर मध्याचा हा प्रश्न निर्णायकच ठरतो. पुण्यातील अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, त्या गेममधील मिशिमा घराण्याच्या पात्रांवर जीव टाकणारा, माझ्याकडे आला तो हीच अडचण घेऊन. या पात्रांची जी ख्यातनाम चाल, तीत दांडा एकदा पुढे, मग मध्यावर, मग खाली, मग खाली-पुढे असा न्यावा लागतो. म्हणजे मध्य हा तेथे केवळ वाटेतला मुक्काम नसून चालीचे एक अक्षरच आहे. पाठीमागे झपाट्याने सरकण्याची जी कोरियन पद्धत, तिचीही मदार अशीच हाताच्या नेमक्या सुटकेवर. “काका, मी दांडा सोडतो तेव्हा तो सोडल्यासारखा वाटतच नाही,” असे तो म्हणाला, आणि इतक्या नेमक्या शब्दांत दुखणे सांगणारे गिऱ्हाईक क्वचितच भेटते. त्याला मी कोरियन दांडा सुचवला. या दांड्यांत स्प्रिंगच्या जागी दांडीभोवती रबराचे जाड कडे असते, गेट गोल असते, आणि हात सोडला की रबर दांडीला चारी बाजूंनी सारखे मध्यावर आणून थांबवते. दांडा उंच, त्याचे डोके बहुधा गोळ्याऐवजी लांबट, आणि तो पकडण्याची रीतही निराळी. मात्र पेटीच्या आतील खोली मोजल्यावाचून तो मागवू नये, कारण पातळ पेट्यांत तो बसेलच असे नाही, आणि जपानी दांड्यासाठी पाडलेली पेचांची भोके त्याला जुळतीलच असेही नाही. त्या विद्यार्थ्याच्या पेटीला मी खालून प्लायवूडची एक चौकट जोडून तिची खोली वाढवली, तेव्हा कोठे ते काम मार्गी लागले.

पेटी विकत घेताना आत आज काय बसवले आहे यापेक्षा उद्या काय बसू शकेल हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे, ते अशाच अनुभवांतून बनलेले आहे. स्वस्त पेटीतील दांडा आणि बटणे सुमार असली तरी चालतात, जर बटणांची भोके तीस मिलिमीटरची असतील, दांड्याच्या पट्टीचे पेच नेहमीच्या अंतरावर असतील आणि तळ पेचकसाने उघडत असेल. उलट महागड्या पेटीत सर्व काही कायमचे डाखून टाकलेले असेल, तर ती उद्या दुरुस्तीलाही निरुपयोगी. वजनाचेही महत्त्व आहे. मांडीवर घेऊन खेळणाऱ्याची पेटी हलकी असली तर दांडा ओढताना पेटीच सरकते, आणि हाताला दांड्याचा अंदाज राहत नाही; अशा पेट्यांच्या तळाशी मी लोखंडी पट्टी बसवतो. लाकडाची पेटी करावयाची तर मरीन प्लायवूड घ्यावे आणि भोके सुताराकडून होल सॉने पाडून घ्यावी. मात्र स्नॅप-इन बटणांच्या खटक्याला जाड फळीची पकड बसत नाही, म्हणून एक तर वरचा फलक पातळ पत्र्याचा किंवा ॲक्रिलिकचा घ्यावा, नाही तर आट्यांची बटणे वापरावी.

बटणांविषयी फार लिहावे असे नाही. सान्वाची तीस मिलिमीटरची बटणे हलकी असतात, बोट नुसते ठेवले तरी लागतात असे काहींना वाटते. सेइमित्सूची किंचित दाब मागतात. बोट जड असेल त्याने दुसरी घ्यावी. सुरुवातीच्या व इतर किरकोळ कामाच्या बटणांना चोवीस मिलिमीटरचे भोक लागते. ज्याच्या घरी पाळणा हलता होता अशा एका तरुणाला मी आवाज न करणारी बटणे बसवून दिली आणि पेटीच्या आतून स्पंजाचे अस्तर लावले. रात्रीच्या शांततेत सर्वांत मोठा आवाज असतो तो रिकाम्या पेटीच्या पोटात घुमणारा, आणि तो या अस्तराने निम्म्याहून अधिक मरतो.

आता तारांचे काम, जे मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे. प्रत्येक बटणाच्या स्विचाला दोन पाय असतात. एकावर त्या बटणाची स्वतंत्र तार, दुसऱ्यावर सर्वांना सामाईक ग्राउंड. सान्वाच्या बटणांना २.८ मिलिमीटर रुंदीची टोके लागतात, ती लॅमिंग्टन रोडवर हवी तेवढी मिळतात. बसवताना आणि काढताना धातूच्या टोकाला धरावे, तारेला ओढू नये. ग्राउंडची तार एका बटणावरून दुसऱ्यावर अशी साखळीने नेतात. म्हणून दुरुस्तीला आलेल्या पेटीत ओळीने तीन बटणे एकदमच मृत असली, तर दांड्याचे आणि बटणांचे संदेश यंत्राला पोचवणाऱ्या बोर्डावर संशय घेण्यापूर्वी त्या तिघांच्या अलीकडचा सांधा पाहावा, दोष बहुधा तेथेच सापडतो. मी साखळीची दोन्ही टोके बोर्डाला जोडतो, म्हणजे एखादा सांधा निसटला तरी दुसऱ्या बाजूने वाट शिल्लक राहते. मुंबईच्या आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत टोकांवर हिरवट थर धरतो, तेव्हा वर्षाकाठी एकदा तळ उघडून ती पुसून घेतलेली बरी.

बोर्डाचा प्रश्न मात्र आपल्या हाती संपूर्ण नाही, कारण घरगुती यंत्रे आपल्याशी जोडलेल्या पेटीकडे एक प्रकारचा परवाना मागतात आणि तो ज्याच्यापाशी नाही त्याला दारातच थांबवतात. अशा यंत्रांसाठी तैवानच्या ब्रूक कंपनीचे बोर्ड पुष्कळ जण घेतात. संगणकावर खेळणाऱ्याला एवढा खर्च करण्याचे कारण नाही. २०२१ साली निघालेला रास्पबेरी पाय पिको हा छोटासा बोर्ड आणि त्यावर जीपी२०४०-सीई हे खुले सॉफ्टवेअर, एवढ्यात काम उत्तम होते, आणि कोणती तार कोणत्या दिशेची हे संगणकावरूनच बदलता येत असल्यामुळे दांडा पाव वळसा फिरवून बसवावा लागला तरी तारा पुन्हा उपसाव्या लागत नाहीत.

अलीकडे दांडाच नको म्हणणारी पिढी आली आहे. डावी, खाली, उजवी अशी तीन बटणे डाव्या हाताच्या बोटांखाली आणि उडीचे मोठे बटण अंगठ्याखाली, अशी ही रचना. आणि मध्याविषयी मी जे वर लिहिले ते तीत अगदी निखळ स्वरूपात दिसते, कारण तेथे मध्यावर येणे म्हणजे बोट उचलणे, बाकी काहीच प्रवास नाही. मला हाताखाली दांडा लागतो, पण या रचनेचा गुण मी मनापासून मान्य करतो. गेल्या वर्षी एका मुलीने आपल्या घरची जुनी पेटी आणून तीवर ही चार बटणे बसवून मागितली, पण दांडा काढू नये अशी अट घातली, कारण तिचा धाकटा भाऊ त्याच पेटीवर दांड्याने खेळत असे. फलकावर तेवढी जागा होती. भोके पाडली, प्रत्येक नव्या बटणाची तार त्या त्या दिशेच्या दांड्याच्या तारेलाच जोडली, आणि मग बोर्डाला एकच गोष्ट ठरवून द्यावयाची राहिली: कुणी डावीकडे आणि उजवीकडे एकाच वेळी दाबले तर काय समजावे. पहिल्याला मान द्यावा, नंतरच्याला द्यावा, की दोन्ही रद्द करून मध्य समजावा, अशा तीन तजविजी सॉफ्टवेअरमध्ये आहेत. मी तिला तिन्ही खेळून दाखवल्या, आणि तिने तिसरी निवडली.